हवाई बेटांची राणी आणि कार्ल्याच्या पायऱ्या

अमेरिका घराबाहेर का पडली, हे मला आमच्या सोड्याच्या शेडमध्ये कळलं, आणि तेसुद्धा ढेकरांच्या मधल्या मोकळ्या जागेत. सांगणारे होते वैद्य सर. लोणावळ्याच्या कॉलेजात ते आम्हाला इतिहास शिकवायचे, राहायचे मळवलीला, आणि पोटात त्यांच्या बारमाही वारा धरलेला असायचा. कॉलेज सुटलं की त्यांची सायकल थेट कार्ले फाट्यावर आमच्या दारात येऊन थांबायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, काही न विचारता जिरा सोड्याची बाटली फोडून पुढे करायचे. सर अर्धी बाटली एका दमात संपवायचे, डोळे मिटायचे, नाटकातला राजा बोलायच्या आधी करतो तसा एक हात वर करायचे, आणि मग असा ढेकर द्यायचे की पत्र्यावर बसलेल्या चिमण्या उडून जायच्या. त्यानंतरच त्यांची वाणी मोकळी व्हायची. वर्गात ते बरे शिकवायचे, पण शेडमध्ये ते थोर होते. मी त्यांची दोन्ही रूपं पाहिली आहेत, त्यामुळे हे अधिकारानं सांगते.

शेडच्या पाठीला चिकटवलेल्या दोन खोल्या म्हणजे आमचं घर. मी जन्मले ती त्या यंत्राच्या आवाजात, आणि आई म्हणते की यंत्र थांबलं की मी रडायला लागायचे. यंत्र कसलं, एक लोखंडी पिंजरा होता तो. त्यात बाटल्या आडव्या बसवायच्या, वर झाकण लावायचं आणि मूठ धरून पिंजरा गरागरा फिरवायचा. सिलिंडरमधला गॅस आत शिरायचा, बाटली उलटी झाली की काचेची गोळी घरंगळत तोंडाशी यायची आणि गॅसच्या जोरानं रबराच्या कड्याला चिकटून बसायची. खडखड, खडखड, मग फुस्स. चुलीवर आई जिरं भाजत असायची, त्याचा वास आणि लिंबाचा वास मिळून जे काही व्हायचं ते माझ्या केसांत, वह्यांत, दप्तरात भरलेलं असायचं. कधीतरी एखादी बाटली पिंजऱ्यातच फुटायची. म्हणून अण्णा हाताला गोणपाट गुंडाळून काम करत. तरी त्यांच्या कोपरापर्यंत पांढऱ्या चिरांची नक्षी होती, आणि लहानपणी मला वाटायचं की सगळ्या वडिलांचे हात असेच असतात.

त्या हिरवट, गळा आवळलेल्या बाटल्या हीच आमची इस्टेट. तशा बाटल्या करणारे कारखाने एकेक करून बंद पडत चालले होते, त्यामुळे फुटली ती गेली, तिच्या जागी नवी येणार नव्हती. बाटली फुटली की अण्णा त्या दिवशी एक भाकरी कमी खायचे. सकाळी भरलेल्या पेट्या हातगाडीवर घालून ते एकविरेच्या डोंगराच्या पायथ्याशी जात, तिथून डोक्यावर घेऊन पायऱ्या चढत, प्रत्येक टपरीत ठेवत. टपरीवाले त्या बाटल्या भुशातल्या बर्फावर ठेवून वर ओलं गोणपाट टाकत. संध्याकाळी अण्णा पुन्हा वर जात आणि रिकाम्या बाटल्या उतरवत. पायऱ्यांवरचा प्रत्येक माणूस त्यांना ओळखायचा. कुणाच्या गुडघ्यात वात आहे, कुणाची सून माहेरी गेली आहे, कुणाला खारा सोडा खपतो आणि कुणाला गोड, सगळं त्यांच्या डोक्यात.

तर वैद्य सर. त्या वर्षी आम्हाला अभ्यासाला अमेरिका होती. सर सांगायचे की लोकांना वाटतं अमेरिका झेंडा रोवायला निघाली, धर्म सांगायला निघाली, शहाणपण वाटायला निघाली. तसं बोलणारे तिथं होतेच. पण आतली गोष्ट निराळी. त्यांच्या कारखान्यांनी इतकं कापड, इतकं लोखंड, त्यांच्या शेतांनी इतकं धान्य काढलं की घरच्यांनी खाऊन नेसून उरायला लागलं. माल पडून राहिला की कारखाना थांबतो, कारखाना थांबला की मजूर रस्त्यावर येतो, आणि मजूर रस्त्यावर आला की मालकाची झोप उडते. मग मालकमंडळींनी समुद्रापलीकडे बघायला सुरुवात केली. पलीकडे चीन, केवढी मोठी बाजारपेठ. पण तिथवर जायला आगबोट, आगबोटीला कोळसा, आणि कोळसा भरायला वाटेत कुठेतरी बंदर. म्हणून बेटं हवीत. एवढं सांगून सर बाटली वर करायचे आणि म्हणायचे, "अण्णा, माणूस उपाशी असला की फार तर भाकरी चोरतो. पोट फुटेस्तोवर भरलं की मग राज्य वाढवायला निघतो."

अण्णा रिकाम्या बाटलीत ब्रश फिरवत होते. ते म्हणाले, "म्हंजे अमेरिकेला बी वारा धरला व्हता म्हना की."

सर इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी हेच वाक्य स्वतःचं म्हणून सांगितलं. मी पहिल्या बाकावर बसून त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिले. त्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली.

अण्णांना सगळ्यात आवडायची ती राणीची गोष्ट. हवाई बेटांची राणी. सर ती एका बाटलीला एक तुकडा अशी सांगायचे, आणि अण्णा तिच्यासाठी जीव टाकायचे. तिथं गोऱ्या मळेवाल्यांनी उसाचे मळे लावले होते. साखर विकायची अमेरिकेत, पण तिकडे जकात आडवी यायची. मग तह झाला, जकात माफ. मळेवाले गबर झाले. तह पुन्हा करायची वेळ आली तेव्हा अमेरिकेनं बदल्यात एक बंदर मागितलं, आणि अट घातली की ते बंदर फक्त अमेरिकेच्या बोटींनी वापरायचं, दुसऱ्या कुणाची बोट तिथं लागणार नाही. राणीचा भाऊ तेव्हा राजा होता. त्यानं दिलं.

"येकच मागितलं?" अण्णांनी विचारलं.

"एकच."

"मग द्याला काय हरकत व्हती?"

सर नुसते हसले आणि सायकलवर बसले.

हल्ली टीव्हीवर रोज बातमी असते की अमेरिकेनं अमक्या मालावर जकात वाढवली, तमक्यावर कमी केली. माझा मुलगा ते ऐकून शेअर बाजार बघायला पळतो. मला मात्र भाजलेल्या जिऱ्याचा वास येतो आणि डोळ्यांपुढे ब्रश धरलेला अण्णांचा हात उभा राहतो.

गारव्याची पेटी आली ती सोनामावशीच्या टपरीत. सोनामावशी म्हणजे पायऱ्यांच्या मध्यावर लिंबू-सरबत, काकडी आणि शिव्या विकणारी बाई. मिश्री लावलेले काळे दात, कमरेला चंची, आणि अण्णांना ती पोरगा म्हणायची. शीतपेयं विकणारी एक अमेरिकन कंपनी तेव्हा आमच्या भागात नव्यानं आली होती. तिचा साहेब पुण्याचा, तरुण, गोड बोलणारा, बूट चकचकीत. त्यानं मावशीला विजेवर चालणारी एक आडवी पांढरी पेटी दिली, वरून काचेच्या सरकत्या झाकणाची, आत बर्फासारखा गारवा. फुकट. विजेचं कनेक्शनही त्यानंच खटपट करून आणून दिलं. अट एवढीच की पेटीत बाटल्या ठेवायच्या त्या फक्त कंपनीच्या. मग वरच्या टपरीत पेटी आली, खालच्या टपरीत आली, भाज्याला आली, लोहगडवाडीला आली. अण्णांनी संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा सरांनी तोंडाशी नेलेली बाटली खाली ठेवली.

"अण्णा," ते म्हणाले, "तुमचं बंदर गेलं."

त्यानंतरचे महिने मी हसत हसत सांगायची वेळ कधी येईल असं वाटलं नव्हतं. अण्णा भरलेल्या पेट्या डोक्यावर घेऊन चढायचे आणि तशाच भरलेल्या घेऊन उतरायचे. गारव्याच्या पेटीत हात घातला की बाटली बर्फासारखी लागते, मग गोणपाटाखालचं कोमट कुणी कशाला घेईल? बर्फवाला तर टपऱ्यांवर यायचाच बंद झाला होता. टपरीवाले वाईट नव्हते. अण्णा आले की ते उगाच काहीतरी आवरायला वळायचे, एवढंच. आईनं हंगामासाठी गोणी गोणी लिंबं आणून ठेवली होती. ती पिवळी पडली, मऊ पडायला लागली, तेव्हा तिनं लोणची घालायला सुरुवात केली. गोड लोणचं, तिखट लोणचं, उपासाचं लोणचं, मिरच्या घालून, आलं घालून, नुसतं मीठ घालून. भाताशी लोणचं, तांदळाच्या भाकरीशी लोणचं, पेजेत लोणचं. लोकांना गरिबीचा वास कशाचा येतो मला माहीत नाही, आमच्याकडच्या गरिबीला लिंबाचा वास होता. आजही माझ्या घरात लोणच्याची बरणी नसते, आणि सुनेला वाटतं मला रक्तदाब आहे.

एका दुपारी मी कॉलेजातून आले तर यंत्राचा आवाज चालू होता. खडखड, खडखड. मला इतका आनंद झाला की मी चपला न काढता शेडमध्ये पळाले. अण्णा पिंजरा फिरवत होते. पिंजऱ्यात बाटल्या होत्या, पण रिकाम्या. सिलिंडरची चावी बंद होती. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "रस्त्यावरनं लोकं जात्यात, शाले. यंत्र बंद हाय असं नगं वाटाया."  मग मीही मुठीला हात लावला. आम्ही दोघं बराच वेळ काहीही न भरता ते यंत्र फिरवत राहिलो, आणि तेवढ्यात रस्त्यावरून एक ओळखीचा गेला तर अण्णांनी त्याला हात करून सांगितलं की काम लय वाढलंय.

चैत्रात एकविरेची यात्रा असते. समुद्रकाठचे कोळी, आगरी मंडळी पालख्या घेऊन, बॅन्ड लावून, गुलाल उधळत येतात. डोंगर माणसांनी झाकून जातो. वर्षभराचा सोडा आमचा त्या दिवसांत खपायचा. अण्णांनी आईला सांगून टाकलं की जत्रेला बाटल्या चालल्या तर सोडा राहील, नाही चालल्या तर बाटल्या भंगारवाल्याला देऊन ते कुठं मिळेल तिथं कामाला जातील. जत्रेसाठी म्हणून शेवटचा एक सिलिंडर त्यांनी राखून ठेवला होता. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता, दळण आणायचं राहिलं असं सांगावं तसा.  दुसऱ्या दिवशी पदर खोचून आई पायऱ्या चढून गेली, मला बरोबर घेऊन.

माझ्या आईसारखी बाई राजकारणात गेली असती तर महाराष्ट्राचं काय झालं असतं याचा विचार मी अजून अधूनमधून करते. ती सोनामावशीच्या टपरीत बसली, मावशीची मिश्री मागून घेतली आणि पेटीकडे नुसती बघत राहिली. मावशीच शेवटी म्हणाली, "असं बगू नगंस. पेटी आल्यापास्नं माजं गिऱ्हाईक वाढलंय, खोटं कशाला बोलू? पन त्या पोराचं तोंड बगवत न्हाई मला."

"पेटी त्यांचीच हाय, मावशे," आई म्हणाली. "पन तळाचा अंधार कुनाचा?"

मावशीनं आईकडे पाहिलं, आणि मिश्रीची पिंक टाकून हसायला लागली. ती पेटी खोल होती. वरच्या थरात कंपनीच्या बाटल्या रचल्या की खाली काय आहे ते वरून दिसत नव्हतं. ठरलं असं की आमच्या गोळीच्या बाटल्याही पेटीत ठेवायच्या, हाताशी येतील अशा, एका बाजूला. साहेबाची जीप पायथ्याला दिसली की चटकन त्या तळाशी ढकलायच्या आणि वर कंपनीचा थर लावायचा. आता साहेब आल्याचं वरपर्यंत कळवायचं कसं? तेही आईनंच काढलं. पायथ्याशी माझ्या चुलत मामीचं हार-फुलांचं दुकान होतं. मी तिथं बसायचं, आणि जीप दिसली की देवीच्या नावानं हाळी द्यायची: आई माऊलीचा उदो. ती ऐकून खालच्या टपरीवालीनं हाळी द्यायची, मग मधलीनं, मग वरच्यानं. एकविरेच्या पायऱ्यांवर देवीच्या नावानं ओरडणाऱ्याचा संशय कोण घेणार?

काय सांगू, ते कसं चाललं! मी जन्माची नाटकी, मला हा रोल म्हणजे पर्वणीच. साहेब जीपमधून उतरून बुटाची नाडी बांधेपर्यंत माझी हाळी गाभाऱ्यापर्यंत पोचलेली असायची. साहेब वर यायचा, झाकण सरकवायचा, आपल्या बाटल्यांची रांग बघून समाधानानं मान हलवायचा. एकदा तो मामीला म्हणाला की इथले लोक फार भाविक आहेत, दर वेळी आलं की मन प्रसन्न होतं. मामीनं त्याला फुकट हार दिला. अण्णा पुन्हा रिकाम्या बाटल्या घेऊन उतरायला लागले. सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी आईला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभे राहून सांगितलं की वहिनी, त्या राणीच्या दरबारात तुम्ही असतात तर इतिहास वेगळा लिहावा लागला असता. आईनं विचारलं, त्या राणीचं पुढं झालं काय. सर म्हणाले की मळेवाल्यांचा जकातीचा फायदा अमेरिकेनं पुढे काढून घेतला, तेव्हा मळेवाल्यांनी ठरवलं की बेटच अमेरिकेत घातलं तर जकातीचा प्रश्नच उरत नाही. राणीनं विरोध केला. बंदरात अमेरिकेची बोट उभी होती, तिच्यातून सैनिक उतरले. एवढं सांगून सर थांबले. पुढचं पुढच्या बाटलीला.

जत्रेच्या दिवशी आम्ही उजाडायच्या आत कामाला लागलो. शेवटचा सिलिंडर, होती नव्हती ती सगळी बाटली भरलेली. अण्णांच्या हाताला मीच गोणपाट बांधलं. टपऱ्यांच्या पेट्या गच्च भरल्या, आणि एवढ्या गर्दीला गारवा पुरावा म्हणून टपरीवाल्यांनी पेटीची कळ शेवटपर्यंत फिरवून ठेवली. बर्फ जितका जास्त तितका सोडा चांगला, हे तर अण्णांनीच सगळ्यांना शिकवलेलं. बाटली गॅसनं कशी फुटते ते अण्णांना आपल्या कातडीवरून ठाऊक होतं. पण त्यांचा गारवा म्हणजे बर्फ आणि गोणपाट. त्या गारव्यानं कधी बाटलीचं काही वाईट केलं नव्हतं.

मी मामीच्या दुकानात बसले. पहिली पालखी आली आणि हजार माणसांनी एका तोंडानं उदो केला. आई माऊलीचा उदो, उदो, उदो. गुलाल उडाला, ढोल वाजले, माझ्या अंगावर काटा आला, मीही ओरडले. मग दुसरी पालखी. मग एक बस भरून आलेली मंडळी. मग नवस फेडायला आलेलं एक कुटुंब, त्यातली म्हातारी तर श्वास घ्यायलाही थांबत नव्हती. कितीतरी वेळानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी फुलांची टोपली मामीच्या अंगावर टाकून पायऱ्या चढायला लागले. माणसांच्या भिंतीतून, कोंबड्या आणि नारळांच्या मधून, कुणाच्या पायावर पाय देत.

सोनामावशीचे हात लाल झाले होते, बोटं धड वाकत नव्हती. मला बघून ती म्हणाली, "सकाळधरनं त्यो साहेब किती बारी येतुया गं? दर येळेला खाली ढकलतीया, वर काढीस्तवर परत आलाच."

"येकदाबी न्हाई आला, मावशी," मी म्हणाले.

 तिच्या मागं पेटी गुरगुरत होती. आमच्या सगळ्या बाटल्या सकाळपासून तळाशी, त्या बर्फात, आडव्या पडून होत्या, आणि आतला सोडा गोठून फुगत चालला होता.

पहिली बाटली वरच्या टपरीत फुटली. फट्. मग दोन लागोपाठ. लोकांना वाटलं कुणीतरी फटाके लावले, त्यांनी जोरात उदो केला, आणि तो ऐकून आणखी वरच्या टपरीवाल्यानं उरल्यासुरल्या बाटल्याही तळाशी ढकलल्या. आज हे लिहिताना मला हसू येतं, त्या हसण्याची मला लाजही वाटत नाही, कारण हसल्याशिवाय मला ते लिहिता येणार नाही. मी ओरडले की मावशी, झाकण लाव, लांब हो. पण मावशीला त्या बाटल्यांची किंमत माहीत होती. पोराच्या बाटल्या हायत्या, एवढंच ती पुटपुटली आणि दोन्ही हात तळापर्यंत घालून तिनं मुठीत धरून एक बाटली वर काढली. ती तिच्या हातात फुटली.

अण्णा बाटल्यांची भरलेली पेटी डोक्यावर घेऊन वर येत होते. त्यांनी मावशीला पाहिलं. इतक्या वर्षांनीही मला दिसतं ते हे, की त्या क्षणीसुद्धा त्यांनी डोक्यावरची पेटी फेकली नाही, सवयीनं हळूच, आवाज न होऊ देता कडेला टेकवली, आणि मग धावले. हाताचं गोणपाट सोडून त्यांनी मावशीच्या हाताला गुंडाळलं. गुलालात आणि रक्तात फरक कळत नव्हता. गर्दीतून कुणीतरी अनवाणी, कडेवर बाळ घेतलेला माणूस पुढे आला, बाळ बायकोकडे दिलं आणि म्हणाला की खाली माझी जीप आहे. तो साहेब होता. तपासणीला नाही, बायकोमुलाला घेऊन देवीच्या पाया पडायला आला होता. त्यानं मावशीला पाठुंगळी घेतलं आणि पायऱ्या उतरला.

मावशीचा जीव वाचला, हात वाचला, पण बोटं पुन्हा मिटली नाहीत. दवाखान्यात अण्णा तिच्या पायाशी बसले होते, मान वर करत नव्हते. तिनं चांगल्या हातानं त्यांच्या डोक्यात टपली मारली. "मर्दा, रडतुयास काय?" ती म्हणाली. "मिश्री लावाया एक हात लय झाला."

दुसऱ्या दिवशी अण्णा प्रत्येक टपरीत गेले आणि प्रत्येक पेटीच्या तळातून स्वतः काच वेचून काढली. कुणाला हात लावू दिला नाही. शाबूत बाटल्या एवढ्याशा उरल्या की त्यांच्यासाठी यंत्र फिरवणं म्हणजे रिकामं फिरवण्यासारखंच.

साहेब आला तो चार लोकांसमोर आमची अब्रू काढायला आला असता तर बरं झालं असतं. आई तयार होती, तिनं उत्तरंही जुळवून ठेवली होती. पण तो ओट्यावर बसला, मावशीची विचारपूस केली, आईनं पुढे केलेलं लोणचं भाकरीशी चवीनं खाल्लं आणि पुन्हा मागितलं. मग म्हणाला, "अण्णा, झालं ते मी वर कळवलेलं नाही. मला या भागासाठी डिस्ट्रिब्युटर हवाय. डोंगरावरची प्रत्येक टपरी तुम्हाला माहीत आहे, प्रत्येक माणूस तुम्हाला मानतो. आम्हाला तेच पाहिजे."

अण्णांनी विचारलं, "आनि सोडा?"

साहेबाला प्रश्न कळला नाही. सोड्याबद्दल त्याला काही म्हणायचंच नव्हतं. त्याला आमचा सोडा कधी अडचणीचा वाटला नव्हता, नकोसाही नव्हता. त्याला वाट हवी होती, अण्णांच्या पायांनी इतकी वर्षं मळलेली. मी कॉलेजात होते, मावशीचं औषधपाणी आता आमच्यावर होतं, आणि फडताळात लोणच्याशिवाय काही नव्हतं. अण्णांनी आईकडे पाहिलं. आई, माझी वाघीण आई, चुलीतलं लाकूड उगाचच पुढे सरकवत बसली.

परवा लोणावळ्यातल्या एका झगमगीत हॉटेलात नातवानं माझ्यासाठी हौसेनं गोळीचा सोडा मागवला. बाटली नवी, लेबल रंगीत, वर जुन्या काळाची चव असं काहीसं लिहिलेलं. गोळी मात्र होती. मी ती अंगठ्यानं आत ढकलून बाटली फोडून दाखवली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी उठून वाकून त्या स्वीकारल्या. अंगठा विसरला नव्हता. मग मला बाहेर जाऊन थोडं उभं राहावं लागलं.

उरलेल्या बाटल्यांतली एक अण्णा रोज सरांसाठी भरायचे, सिलिंडर संपत आला होता तरी. कंपनीचं काम सुरू झालं त्या दिवशी सर आले तेव्हा दारात कंपनीचे खोके रचलेले होते आणि अण्णांच्या अंगात कंपनीचा शर्ट होता, छातीवर नाव विणलेला, बाह्या आखूड. पांढऱ्या चिरा उघड्या पडल्या होत्या.  अण्णांनी बाटली फोडून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "सर, ती राणी ऱ्हायली सांगायची."

सरांनी बाटलीकडे पाहिलं. मग सांगितलं, हात वर न करता, अगदी वर्गात सांगतात तसं, की राणीनं रक्त सांडू नये म्हणून गादी सोडली. पुढे काही लोकांनी तिच्या बाजूनं उठाव केला, तो फसला, आणि तिला तिच्याच राजवाड्यातल्या एका खोलीत कोंडून ठेवलं. मग सोडलं. बेटं अमेरिकेत गेली. ती म्हातारी होईपर्यंत तिथंच राहिली.

"आनि बंदर?"

"अजून त्यांचंच आहे."

अण्णा थोडा वेळ खोक्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "खाऊनपिऊन बरी व्हती ना, शेवटपातूर?"

"होती," सर म्हणाले.

"मग झालं तर," असं म्हणून अण्णांनी कंपनीचा खोका उचलून डोक्यावर घेतला आणि डोंगराच्या दिशेनं चालायला लागले.

सरांनी अर्धी बाटली प्यायली, डोळे मिटले, आणि आम्ही दोघींनी, आईनं चुलीपाशी, मी दारात, सवयीनं श्वास रोखून धरला. पत्र्यावर चिमण्या बसलेल्या होत्या. त्या दिवशी सरांना ढेकर आला नाही.